तीन टिंबं आणि नवा पंप

चांदीसारखा रंग मारलेली लोखंडी वस्तू दिसली की अजून माझा अंगठा शिवशिवतो. फाटक असो, शिडी असो, दवाखान्यातली खाट असो, बोट फिरवून बघावंसं वाटतं की खाली काय दडवलंय. घरातल्या पोरीबाळी हसतात. हसू देत. त्यांनी ती एजन्सी पाहिलेली नाही.

सत्तर साल उलटून दोन-तीन वर्षं झाली असतील तेव्हाची ही गोष्ट. बालाघाटात जीपगाड्यांची एक एजन्सी होती. पुढं मोठी काच, काचेमागं हार घातलेली नवी गाडी, आणि मागं पत्र्याचं शेड. गाड्या त्या शेडमध्ये खोलायचे. शेडच्या तोंडाशी साखळी लावलेली, साखळीला पाटी टांगलेली: अंदर आना मना है. मी शाळेत गेलेली बाई नाही. किराण्याच्या पुड्यांचे कागद वाचून वाचून अक्षरं जुळवली. पण त्या पाटीवरचं ‘मना’ मी पहिल्या दिवशी वाचलं आणि मनात म्हटलं, स्वच्छ काम करणाऱ्याला साखळी कशाला लागते? आमच्या गल्लीतला सायकलवाला तर उघड्यावर बसून पंक्चर काढतो आणि भोक कुठं आहे ते पाण्यात बुडवून आपल्यालाच दाखवतो.

गाडी आमची, म्हणजे कागदावर यांच्या मोठ्या भावाची. आमच्यात त्यांना भासरे म्हणतात. भासऱ्यांचा मान असा की लहान भावाच्या बायकोनं त्यांच्यासमोर डोईवरचा पदर ढळू द्यायचा नाही, त्यांच्याशी बोलायचं नाही, सावलीसुद्धा पडू द्यायची नाही. माझ्या लग्नाला चौदा वर्षं झाली होती आणि मी त्यांच्याशी एक शब्द बोलले नव्हते. काही सांगायचंच झालं तर भिंतीला सांगायचं. “जेवण वाढलं म्हणा,” असं मी भिंतीकडं तोंड करून म्हणायची, आणि ते पलीकडं ऐकून उठायचे. चौदा वर्षं आमचं छान चाललं होतं. भिंत कधी उलट बोलली नाही.

भासरे किरनापूरच्या बाजूला गावी राहायचे, शेती बघायचे. आम्ही बालाघाटात दोन खोल्यांत. गाडी घरातल्या सगळ्यांच्या धानाच्या पैशावर घेतलेली, चालवायचे आमचे हे. मलाजखंडाकडं तेव्हा तांब्याच्या शोधात सरकारी माणसं येऊन राहिली होती, त्यांच्याकडं गाडी भाड्यानं लागली. कामाला मरण नव्हतं. पण त्यांची अट होती की दर तीन महिन्यांनी सर्व्हिस कंपनीच्या एजन्सीतच व्हायला पाहिजे आणि गाडीच्या पुस्तकावर एजन्सीचा ठप्पा पाहिजे. ठप्पा नाही तर गाडी नाही. म्हणून रस्त्यावरचा मिस्त्री चालत नव्हता. आणि एजन्सीवाल्यांना ते पक्कं ठाऊक होतं. माणूस दुसरीकडं जाऊ शकत नाही हे कळलं की काही लोकांच्या अंगात काय संचारतं, ते मी तिथं पाहिलं.

पहिल्या सर्व्हिसला तेल बदलायला गाडी दिली, तर इंजिनाला पेट्रोल ओढून देणारा पंप गेला म्हणाले. तो बदलला. दुसऱ्यांदा डायनॅमो. तिसऱ्यांदा परत पंप. चौथ्यांदा कार्बोरेटर, आणि बरोबर आणखी एकदा पंप. सकाळी गाडी टणटणीत आवाज करत आत जायची आणि दुपारी कळायचं की ती मरता मरता वाचली. बिल इंग्रजीत. ते वाचणारं आमच्यात कोणी नाही. तिथला मॅनेजर ते हिंदीत वाचून दाखवायचा, आवाज असा मऊ की जणू आजाऱ्याच्या उशाशी बसलाय. आणि शेवटी वर्तमानपत्रात गुंडाळलेला काळा, खरवडलेला, मोडका पुर्जा काढून यांच्या हातात द्यायचा. “ये देखिए, आपका पुराना. बिल्कुल ख़त्म. आप ले जाइए, हमारे यहाँ सब खुला काम है.” खुला काम म्हणे, आणि वर साखळी.

हे भोळे. ते मोडके पुर्जे गावी नेऊन भावापुढं ठेवायचे, हिशोब चोख दिसावा म्हणून. भासऱ्यांनी त्यांच्यासाठी एक लाकडी खोका केला होता. वर्षभरात खोका भरत आला. मग ते एक दिवस स्वतः एजन्सीत गेले, यांना बरोबर घेऊन. एवढे पुर्जे जातात कसे, हे विचारायला.

मॅनेजरनं खुर्ची दिली, पंखा लावला. आणि त्याच मऊ आवाजात म्हणाला, “देखिए भाऊसाहब, हम तो हर बार नया माल डालते हैं. तीन महीने में वो फिर पुराना कैसे हो जाता है, ये आप घर में पूछिए. बाज़ार में नया पंप झट बिक जाता है.”

एवढंच बोलला. भाऊ शेजारीच उभा होता. साखळीपलीकडं चार मिस्त्री हात पुसत ऐकत होते. आणि भासरे त्या सगळ्यांसमोर म्हणाले, “माह्या घरातच चोर असन, तर मी दुसऱ्याले काय बोलू.”

हे घरी आले ते सरळ मोरीत गेले, हातपाय धुतले, तांब्याभर पाणी प्यायले आणि तांब्या पालथा घालून बसले. ताट वाढलं, तर हात लावला नाही. खोदून खोदून विचारलं तेव्हा ते वाक्य सांगितलं. आणि भासऱ्यांचा निकाल सांगितला: महिन्याभरात गावी पुतणीचं लग्न होतं, ते होईपर्यंत गाडी चालवायची. लग्नानंतर एक सर्व्हिस लागत होती, ती करून ठप्पा घ्यायचा आणि चाबी भावाच्या हातात द्यायची. भासरे दुसरा ड्रायव्हर बघणार. आम्ही बालाघाट सोडून गावी यायचं.

गावी जायचं यांना दुःख नव्हतं. नांगर धरायला ते लाजणारे नव्हते. पण चोर होऊन जायचं होतं.

आता खरं सांगते. लपवून लिहायचं तर लिहायचंच कशाला? मी तेव्हा त्यांना विचारलं, “तुमी काही इकलं तर नाही ना?”

त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाले, “तूबी?”

बस. त्यानंतर त्या गोष्टीवर एक अक्षर बोलले नाहीत. मॅनेजरवर माझा राग आहेच, भासऱ्यांवरही होता. पण त्या रात्रीपासून मी जो राग धरून बसले, त्यात माझाही वाटा होता. त्या मऊ आवाजाच्या माणसानं काचेमागं बसून एक वाक्य टाकलं आणि ते आमच्या चुलीपर्यंत आलं, माझ्या तोंडातून बाहेर पडलं. याचं मी त्याला काही माफ करणार नव्हते.

लग्न झालं. आमच्याकडं गावातल्या लग्नाचा स्वयंपाक म्हणजे घराघरातून भांडी गोळा करायची. गंज म्हणजे पातेली, पराती, गुंड, कोपर, ज्याच्याकडं जे असेल ते. वरात गेली की दुसऱ्या दिवशी अंगणात भांड्यांचा हा ढीग, आणि बायका बसतात तो वाटायला. प्रत्येक घराची भांड्यावर खूण असते. कुणाचं फूल, कुणाच्या दोन रेघा, कुणाचा साथिया, म्हणजे स्वस्तिक. आमच्या घरची खूण म्हणजे वर एक आडवी रेघ आणि खाली तीन टिंबं, सासूच्या सासूपासून चालत आलेली. भांडी चुलीवर काजळून काळी ठिक्कर झालेली असतात, खूण दिसत नाही. मग बायका अंगठा फिरवतात. माझी जाऊ, भासऱ्यांची बायको, त्यात वस्ताद. दुसरीशी बोलता बोलता, तोंडात सुपारी, नजर भलतीकडं, आणि अंगठा बुडावरून फिरला की सांगणार, “हे पाटलाचं. हे सोनाराचं. हे आपलं.” कुणी हलकं भांडं देऊन जड उचलायला बघितलं तर तिथंच धरली जायची. एका बाईनं आमची परात राखेनं घासून, कल्हई करून स्वतःची म्हणून सांगितली होती, तर जाऊबाईनं कल्हईखालून टिंबं शोधून काढली आणि म्हणाली, “चांगली चमकवून देली वं, उपकार झाले.”

मी बसले होते परातीवर अंगठा ठेवून, आणि तो तिथंच थांबला.

अंगणात जीप उभी होती. पलीकडं मांडवात भांड्यांवर नावं घालणारा बसला होता, आहेराच्या भांड्यांवर नावं कोरायला. छोटी छिन्नी, छोटी हातोडी, टिक टिक टिक टिक. मी उठले, यांना हाक मारली, गाडीचं तोंड उघडायला लावलं आणि त्या माणसाला म्हटलं, “भाऊ, इकडं या. आणखी तीन भांडी हायेत.”

तो आला आणि बघतच राहिला. सवयीनं विचारतो कसा, “कोणाकडून कोणाले लिहू, बाई?”

“नाव नको. रेघ आणि तीन टिंबं.”

“अवं, हे भांडं होय काय?”

“आतापर्यंत परत आलं नाही म्हणजे भांडंच समजा.”

जाऊबाई मागं येऊन उभी राहिली होती. कमरेवर हात. “काहून वं, गाडी का लग्नात द्यायची हाय?”

“लग्नातच तर देऊन राह्यलो बाई, दर तीन मयन्याले. तिकडून काय परत येते ते पाहू.”

ती हसली नाही. नवरा तिचा होता, त्याचा निकाल तिला ठाऊक होता. पण परातीची बाई ती. वाकून स्वतः दाखवलं, “वर नको घालू. खालच्या अंगाले घाल, जिथं हात जाते पण डोळा जात नाही.” पंपाच्या खालच्या काठावर, डायनॅमोच्या बुडाशी, कार्बोरेटरच्या कडेला. पंप ओतीव होता, आपल्या जर्मनच्या, म्हणजे अॅल्युमिनियमच्या, गंजासारखा मऊ नाही. तिथं त्या माणसाची छिन्नी दोनदा घसरली आणि मधलं टिंब जरा मोठं पडलं. हे टॉर्च धरून उभे होते. ताज्या खुणा चमकत होत्या, म्हणून मी इंजिनचंच काळं तेल घेऊन वर चोळलं.

सर्व्हिसच्या दिवशी सकाळी भासरे स्वतः गाडीत बसले. लग्न होताच मागून घेतलेली चाबी बंडीच्या खिशातून काढून भावाला दिली, तीही एका दिवसापुरती. मला बालाघाटला घरी यायचं होतंच, मी मागं बसले, मांडीवर पितळी डबा, दुपारच्या भाकरीचा. निघायच्या आधी यांनी भावाला गाडीपुढं बोलावलं आणि खुणा दाखवल्या. भासऱ्यांनी चष्मा लावून पाहिल्या, बोट लावलं आणि म्हणाले, “आता बायका गाडीले बी परात समजाले लागल्या.” मी पदराआडून ऐकलं. मनात म्हटलं, म्हणा. पण तुम्ही पाहिलंय.

एजन्सीत गाडी साखळीपलीकडं गेली. आम्ही बाहेर बाकावर. एका टोकाला भासरे, दुसऱ्या टोकाला हे, आणि मी पाठ करून जमिनीवर पायरीशी. दिवसभर दोघं भाऊ एकमेकांच्या नजरेसमोर, आणि एकमेकांकडं बघत नव्हते. दुपारी भासऱ्यांनी डब्यातली भाकर खाल्ली. यांनी भूक नाही म्हटलं. परसवाड्याकडचा एक मास्तर आपली मोटार घ्यायला आला होता. त्यालाही वर्तमानपत्रातला पुडा मिळाला, तोही तो छातीशी धरून गेला, जणू प्रसादच.

चारच्या सुमाराला मॅनेजर आला. हातात बिल, हातात पुडा. तोच आवाज. “पंप फिर गया था भाऊसाहब. मैंने नया डलवा दिया, कंपनी का डिब्बा खोल के. ये आपका पुराना.”

भासऱ्यांनी पुडा सोडला. चष्मा लावला. मोडका पंप उलटा केला, सुलटा केला, खालच्या काठावरून बोट फिरवलं. एकदा, दोनदा. मी कानांनी बघत होते म्हणा ना. मग ते म्हणाले, “ह्याच्यावर तर काही नाही.”

“क्या नहीं?”

“आमच्या घरची खूण घालेल होती. सकाळी माह्या डोळ्यानं पायली.”

मॅनेजरनं बिल या हातातून त्या हातात घेतलं. “साफ करते वक़्त घिस गया होगा.”

आणि भासरे तो मोडका पंप परत वर्तमानपत्रात गुंडाळू लागले. पाठमोऱ्या मला कागदाची कुरकुर ऐकू आली. म्हणजे ते मानायला तयार होत होते. त्या बुशशर्टवाल्या मॅनेजरचं बोलणं त्यांना अजून भावापेक्षा खरं वाटत होतं. हे तर बाकावर मान खाली घालून बसले होते, जणू शिक्षा आधीच सुनावून झाली.

मी उठले. साखळी गुडघ्याएवढी, लुगडं सावरून ओलांडली. कुणीतरी “बाई, बाई” केलं. गाडीचं तोंड उघडंच होतं. आत पंप चमकत होता, पांढरा शुभ्र, चांदीचा रंग मारलेला, नवरदेवासारखा. बाकी सगळं काळं आणि मधे हा एकटा नटलेला. मी हात खाली घातला, जिथं डोळा जात नाही तिथं, आणि अंगठा फिरवला.

रेघ. एक टिंब. मोठं टिंब. एक टिंब.

रंग ओला होता. अंगठ्याला लागला.

खरं सांगते, आधी मला कळेचना. आपला पंप तर एजन्सीवाल्यांनी काढून घेतला असेल असं मी समजत होते. आणि हा तर आपलाच, जागच्या जागी. मग डोक्यात उजेड पडला. काढलंच नव्हतं कधी काही. पुसायचं, रंगवायचं, परत बसवायचं, नव्याचं बिल लावायचं, आणि कुठल्यातरी भंगारातला मोडका पुडा हातात द्यायचा. आमची गाडी वर्षभर आजारी नव्हतीच. वर्षभर ती फक्त नटून येत होती.

मी शेडच्या पत्र्याकडं तोंड केलं. भिंत नव्हती, पत्रा तर पत्रा. आणि म्हटलं, मोठ्यानं, “भासऱ्यायले म्हणा, नव्या पंपाखाली अंगठा फिरवून पाहा. परातीले फिरवतात तसा.”

भासरे उठले. साखळी त्यांना ओलांडता आली नाही, गुडघे दुखायचे, म्हणून त्यांनी ती आकड्यातून काढून खाली टाकली. ती पाटीसकट जमिनीवर पडली. मी बाजूला सरले, सावली पडू नये म्हणून. त्यांनी हात घातला. मला त्यांचा चेहरा दिसत नव्हता, पाठ दिसत होती. पाठ बराच वेळ हलली नाही.

मॅनेजर मागून आला. “अरे भाऊसाहब, वो कंपनी का नंबर है. हर पंप पे रहता है.”

“कंपनीचा?”

“जी, कंपनी का.”

भासरे वळले, पण माझ्याकडं न बघता पायरीकडं बघत म्हणाले, “डबा.”

चौदा वर्षांत माझ्याशी बोललेला त्यांचा पहिला शब्द. मी रिकामा डबा आणला आणि त्यांच्या हातात न देता गाडीच्या मडगार्डवर ठेवला. त्यांनी तो पालथा घातला. बुडाला आडवी रेघ, खाली तीन टिंबं, झिजलेली, जुनी.

“हा डबा माह्या आजीचा,” ते मॅनेजरला म्हणाले. “तुही कंपनी तिच्या सैपाकघरात कधी आलती?”

मिस्त्र्यांपैकी एक तोंड फिरवून खोकला. हसला असेल. मॅनेजरचा मऊ आवाज तेव्हा पहिल्यांदा फाटला. मिस्त्रीची चूक, माणसं नवीन आहेत, डबा बदलला, स्टोअरवाल्याला विचारतो, असं काय काय. चूक म्हणे. चूक एकदा होते. रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन कुणी चूक करत नाही. त्यानं ते बिल फाडलं, आमच्यावर मेहेरबानी केल्यासारखं, आणि विचारलं, “चाय मँगवाऊँ?”

“चाय नको. ठप्पा मार.”

ठप्पा मारला. तो तरी घ्यावाच लागणार होता, त्यांच्याच हातचा. याची चीड मला आजही येते. चोराकडूनच साव असल्याचा दाखला.

मग भासऱ्यांनी मिस्त्रीनं मडगार्डवर आणून ठेवलेली चाबी उचलली आणि भावापुढं धरली. “चाल घरी.”

यांनी हात मागं बांधले होते. ते सोडले नाहीत. खूप हळू म्हणाले, “चाबी तुमच्यापाशीच राहू द्या, भाऊ. चोराच्या हाती कायले देता.”

मला वाटलं, झालं. आता भासरे भडकणार. गाडी चालवता त्यांना येत नव्हती. तिथं दुसरं कुणी नव्हतं. त्या शेडमध्ये दोघं भाऊ समोरासमोर, मधे ती चाबी लोंबकळत, आणि मॅनेजर घड्याळाकडं बघतोय. शेड बंद करायची वेळ झाली होती. मी पत्र्याला काही सांगितलं नाही. हे सांगायचं काम माझं नव्हतं. ते वाक्य जिथं बोललं गेलं होतं तिथंच, ज्यांनी ऐकलं होतं त्यांच्यासमोरच, ज्यानं बोललं त्यानंच फिरवायला पाहिजे होतं. घरी जाऊन दाराआड म्हटलं असतं तर ते मी मानलं नसतं. यांनीही नाही.

भासऱ्यांना ते कळायला वेळ लागला. पण कळलं. ते भावाला काही बोलले नाहीत, मॅनेजरकडं वळले.

“त्या दिवशी मी इथं एक गोष्ट बोललो होतो. तू ऐकली होती.”

“जी.”

“त्यायनंबी ऐकली होती. बलाव त्यायले.”

मॅनेजरनं मान हलवली तसे मिस्त्री पुढं आले, हात पुसत, तसेच, त्या दिवसासारखे.

“माह्या भावानं एक खिळा इकला नाही,” भासरे म्हणाले. “मीच आंधळा. सख्ख्यापेक्षा तुह्या पंख्याची हवा मले गोड लागली.”

यांनी हात सोडवले आणि चाबी घेतली. थेट हातातून.

जाताना भासरे नेहमीसारखे पुढं बसले नाहीत. मागं बसले. मग मला पुढं बसावं लागलं, भासऱ्यांच्या पुढं, पदर नाकापर्यंत ओढून. अशी मी आयुष्यात एकदाच बसले. यांनी गाडी हळू चालवली. चौकापाशी आल्यावर माझ्या हाताकडं बघून म्हणाले, “तुह्या अंगठ्याले रंग लागला.”

“घरी राकेल हाय, त्यानं जाईल,” मी म्हटलं.

‘तूबी?’ असं त्यांनी मला विचारलं होतं, त्याचं उत्तर त्यांनी पुढं कधी मागितलं नाही. मीही दिलं नाही. अंगठ्याकडं बघून ते बोलले तेवढंच.

गावी खोका उघडून एका जुन्या मिस्त्रीला दाखवला, तर एक पंप ट्रॅक्टरचा निघाला. भासऱ्यांनी तो खोका फेकला नाही. ओसरीवर ठेवला, येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायला. म्हणायचे, “हे माह्या हुशारीचं दुकान.” माझ्याशी ते पुढं कधी बोलले नाहीत, मीही नाही. आमची भिंत परत जागेवर आली.

एजन्सीचं काय झालं विचाराल, तर काही झालं नाही. साखळी परत लागली, पाटी परत लटकली, हारवाली नवी गाडी काचेमागं तशीच. दर तीन महिन्यांनी आम्हाला ठप्प्यासाठी तिथंच जावं लागायचं. पण तेव्हापासून मी बरोबर जायची. बाकावर नाही बसायची. साखळीला लागून, पाटीखाली, चटई टाकून बसायची, तांदूळ निवडायला घेऊन. गाडी आत असेपर्यंत सूप खाली ठेवायची नाही. आमच्या गाडीला त्यानंतर कधी नवा पंप लागला नाही.

मॅनेजर चहा पाठवायचा, दर खेपेला. कप माझ्या चटईशेजारी यायचा. मी त्याला हात लावायची नाही. त्यावर साय धरेपर्यंत तांदूळ निवडायची, आणि मग तसाच परत न्यायला सांगायची.